आम्ही घर सांभाळतो

एक मे हा दिवस आमच्या घरी तीन कारणांनी साजरा होतो. १९६० साली या दिवशी महाराष्ट्र राज्य जन्माला आले, हे पहिले कारण. दुसरे असे, की माझ्या माहेरचा जालना जिल्हा औरंगाबाद जिल्ह्यापासून वेगळा निघाला तो १९८१ च्या एक मेलाच. म्हणजे माझा जिल्हा माझ्याहून एका वर्षाने धाकटा आहे. तिसरे, आणि माझ्या मुलांच्या मते एकमेव खरे कारण म्हणजे या दिवशी शाळेचा निकाल लागतो. निकालाचा कागद देवापुढे ठेवला, की दप्तरे माळ्यावर जातात आणि बॅगा माळ्यावरून खाली येतात. मग दोन-तीन दिवसांत आमची स्वारी जालन्याला निघते.

पूर्वी मुंबईहून जालन्याला यायचे म्हणजे मनमाडला उतरून छोट्या गाडीत बसावे लागे. हैदराबादहून मनमाडपर्यंत निजामाच्या राज्यातून आलेली ही मीटर गेजची वाट १९०० साली सुरू झाली आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत तिची रुंद वाट झाली. आमच्याकडे येणारे मुंबईचे पाहुणे निम्मे कोळशाने व निम्मे वैतागाने काळे होऊन उतरत, असे आई अजून सांगते. आता ३० डिसेंबर २०२३ पासून जालन्याला वंदे भारत गाडी आली (ती २०२५ साली पुढे नांदेडपर्यंत नेली). थंडगार डब्यात बसायचे आणि सातएक तासांत फलाटावर पाय ठेवायचा. खिडकी मात्र उघडत नाही. त्यामुळे स्टेशनावरचा फेरीवाला काचेपलीकडे तोंड हलवताना दिसतो आणि तो काय विकतो हे कळत नाही, अशी धाकटीची तक्रार आहे.

फलाटावर अण्णा उभे असतातच. गाडी वेळेवर असली तर तासभर आधीपासून, उशिरा असली तर त्या हिशेबाने अधिक. प्राथमिक शाळेतली सारी नोकरी त्यांनी घंटेबरहुकूम केली. आता घंटा राहिली नाही, पण सवय राहिली आहे. रिक्षातून घरी जाताना ते जावयांना दरवर्षी तेच गाव नव्याने दाखवतात. कुंडलिकेचे पात्र, मोती तलावाकडे जाणारा रस्ता, लोखंडी सळयांचे कारखाने. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे बियाण्यांचा उद्योग उभा केला, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे ते अशा थाटात सांगतात की जणू ते बारवाल्यांच्या बाकाशेजारीच बसत होते. शेवटी 'जालना, सोने का पालना' ही म्हण येते, आणि तोवर घर येते.

घरी आईचे राज्य. गच्चीवर कुरडयांचे वाळवण, कोनाड्यात माठ, ताटात धपाटे आणि कैरीचा तक्कू, आणि भिंतीत बसवलेला तो प्रचंड कूलर. तो सुरू झाला की घरातले सारे संभाषण ओरडून करावे लागते. मुलांना कावळे हाकलण्याचे काम मिळते, रात्री गच्चीवर अंथरुणे पडतात, आणि दोन दिवस मोठे सुखाचे जातात. तिसऱ्या दिवशी आम्ही शहरवासी अस्वस्थ होतो आणि कुठेतरी जाऊन यायचे ठरवतो. वेरूळ झाले, अजिंठा झाला, दौलताबादचा किल्ला झाला. दरवर्षी मोटार ठरते, डबे भरले जातात, आणि दाराशी उभे राहून अण्णा दरवर्षी एकच वाक्य म्हणतात, "तुम्ही जाऊन या. आम्ही घर सांभाळतो."

वाचकहो, हे वाक्य मी इतकी वर्षे ऐकत आले आणि त्यात काही ऐकण्यासारखे आहे असे मला कधी वाटले नाही. महाविद्यालयात मी मुलांना शब्दांच्या अर्थच्छटा शिकवते. पण घरातल्या माणसांची वाक्ये आपण व्याकरणाच्या बाहेर ठेवतो.

ते ऐकले धाकटीने. तिचा एक जुना हिशेब बाकी होता. हल्ली शाळांतून आजी-आजोबा दिवस साजरा होतो. २०२३ साली राज्याच्या शिक्षण खात्याने तशी सूचनाच काढली. धाकटीच्या शाळेत त्या दिवशी सर्वांचे आजी-आजोबा आले होते. कुणाची आजी संगीत खुर्चीत जिंकली, कुणाच्या आजोबांनी पेटी वाजवली. हिने स्वतःच्या हाताने निमंत्रणपत्रिका रंगवून जालन्याला पाठवली होती. फोनवर उत्तर आले, "यायला फार आवडलं असतं गं, पण घर कोण सांभाळणार?"

या खेपेस मोटार दाराशी उभी राहिली, अण्णांनी आपले वाक्य म्हटले, आणि धाकटी पायरीवर ठाण मांडून बसली. "आजोबा, घर काय पळून जाणार आहे का?"

अण्णा हसले. तिने पुन्हा विचारले, "आम्हाला सुट्टी लागते. तुमची सुट्टी कधी लागते?"

या प्रश्नाला चाळीस वर्षांच्या मास्तरकीत उत्तर नव्हते. आई पदराशी चाळा करीत म्हणाली, "गुडघे दुखतात गं माझे." पण ती वहाणा शोधत होती, हे मी पाहिले.

खरी अडचण पुढेच निघाली. घराला कुलूप सापडेना. कोणीतरी सदैव घरात असल्याने ते लावायची वेळच कित्येक वर्षे आली नव्हती. अखेर लोणच्याच्या बरण्यांमागे ते मिळाले, किल्ली फिरेना. मग थोरल्याने गोडेतेल घातले, जावयांनी जोर लावला, आणि बऱ्याच खटाटोपाने आमच्या घराला कुलूप लागले. अण्णांनी ते तीनदा ओढून पाहिले.

वेरूळ रद्द करून आम्ही आजोबांच्या मर्जीने दक्षिणेकडे निघालो. पहिला मुक्काम अंबड. गावाजवळच्या टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून वरची देवी मत्स्योदरी. पायऱ्या पाहून आईने कपाळाला हात लावला. पण थोरल्याने "आपण मोजत मोजत जाऊ" अशी युक्ती काढली. तो एकीकडून मोजीत होता, आई दुसरीकडून, आणि दोघांची मोजणी काही जुळेना. चुकली कुणाची यावर दर टप्प्यावर वाद, वाद करण्यासाठी थांबणे, आणि थांबले की दम खाणे. अशा रीतीने दुखऱ्या गुडघ्यांनी टेकडी सर केली. वरून सारा मुलूख उन्हात तापलेला दिसत होता. अण्णा म्हणाले, "लग्नानंतर आलो होतो आपण." आई म्हणाली, "त्यानंतर नाहीच." मी त्या दोघांकडे पाहिले आणि मग उगाच खालच्या रस्त्याकडे पाहू लागले. वीस-पंचवीस किलोमीटरांवरची ही टेकडी. लंडनची माहिती असलेले आम्ही त्यांना कधी इथवर घेऊन आलो नव्हतो.

तिथून घनसावंगीवरून जांब समर्थ. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव. सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी १६०८ साली रामनवमीला नारायणाचा जन्म झाला. अण्णांचा वर्ग इथे भरला. बारा वर्षांचा नवरदेव 'सावधान' हा शब्द ऐकताच सावध होऊन बोहल्यावरून पळाला, ही गोष्ट त्यांनी अशी रंगवली की थोरला देवळाच्या आवारात दोनदा पळून दाखवता झाला. रामाचे दर्शन घेतले. याच देवळातल्या जुन्या मूर्ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये चोरीस गेल्या होत्या आणि पोलिसांनी त्या शोधून आणल्या, हेही अण्णांनी सांगितले. सांगताना त्यांचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला. थोरल्याने ताबडतोब निष्कर्ष काढला, "म्हणजे आजोबा, प्रत्यक्ष देव घरात बसून होता तरी चोरी झाली! मग माणसानं हिंडायला काय हरकत आहे?" या तर्कशास्त्रापुढे सगळे हरले.

आई मात्र गप्प होती. परंपरा सांगते, की पळून गेलेला नारायण चोवीस वर्षांनी आईला भेटायला याच गावी परतला, तेव्हा राणूबाईंची दृष्टी गेलेली होती. खांबाला टेकून बसलेली आई म्हणाली, "सगळे त्याच्या पळण्याची गोष्ट सांगतात. ती माय मात्र चोवीस वर्षं घर सांभाळीत बसली."

तिने हे माझ्याकडे पाहून म्हटले नाही. तिच्या मनात तसे काही असेल असेही मला वाटत नाही. पण मी जालना सोडून किती वर्षे झाली, याचा हिशेब माझ्या मनाने आपोआप केला.

परतताना ऊन कलले होते. अंबडच्या अलीकडे एका गाडीवाटेपाशी धाकटीने विचारले, "आजोबा, तुमचं शेत इकडंच आहे ना?" मोटारीत एकदम शांतता झाली. त्या शेताचा विषय आमच्या घरात कोणी काढीत नसे. नोकरीच्या पैशातून अण्णांनी तिथे मोसंबीची बाग लावली होती. आमच्या जिल्ह्याची मोसंबी नामांकित. पुढे तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा अतिशय होरपळला, विहिरी तळाला गेल्या, आणि बागाच्या बागा उभ्या वाळल्या. अण्णांनी टँकरचे पाणी विकत घेऊन घातले. पैसे संपले, मग टँकर संपले, मग झाडे तोडावी लागली. जमीन बटईने दिली. तिथे आता कपाशी आणि सोयाबीन होते. अण्णा तिकडे फिरकत नाहीत.

"वळवा," अण्णा म्हणाले.

मे महिन्याचे रान. नांगरलेली काळी ढेकळे आणि कडेला विहीर, एवढेच. मुलांना वाटले होते बाग दिसेल. "इथं काहीच नाही," थोरला म्हणाला. अण्णा बांधावर उभे राहिले आणि हळूहळू सांगू लागले. मोसंबीला बहर धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो. काही आठवडे पाणी तोडायचे, पाने सुकू द्यायची, आणि मग वेळेवर पाणी सोडायचे. मग झाड फुलांनी भरते आणि त्या वासाने रात्री झोप येत नाही. "ताण झाडाला मानवतो. पण ताणानंतर पाणी आलं पाहिजे. त्या साली ते आलंच नाही."

मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "झाडं अठरा-अठरा फुटांवर होती. अठरा फूट म्हणजे माझी सात पावलं. चला, उभे राहा!" त्यांनी पावले मोजून थोरल्याला उभे केले, सात पावलांवर धाकटीला, पुढे मला, पुढे जावयांना. हात पसरा म्हणाले, आम्ही पसरले. आई पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "मी कुठल्या ओळीत?"

"तू विहिरीजवळ. विहिरीजवळचं झाड शेवटपर्यंत टिकलं होतं."

आई काही न बोलता विहिरीजवळ जाऊन उभी राहिली. अण्णा ओळीतून फिरले. एकेका झाडापाशी थांबले, पाने पाहिल्यासारखे केले. धाकटी म्हणाली, "आजोबा, मला पाणी घाला." त्यांनी बाटली उघडून तिच्या पायाशी पाणी ओतले. मग थोरल्याच्या, मग माझ्या. शेवटी विहिरीजवळच्या झाडाकडे गेले, उरलेली बाटली त्यांनी आईच्या हाती दिली, आणि ती ते पाणी प्यायली. वारा सुटला होता. बराच वेळ कोणी हात खाली घेतले नाहीत.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. कुलूप जागच्या जागी होते. नुकसान म्हणाल तर गच्चीवरच्या कुरडया कावळ्यांनी निम्म्या खाल्ल्या होत्या. आईने ते पाहिले आणि म्हणाली, "खाऊ देत. त्यांनाही सुट्टी लागली असेल."

वर्षभर आपण त्या दोघांना ताण देतो, आणि मे महिन्यात नातवंडे त्यांच्या पदरात टाकून आपणच हिंडायला निघतो. नातवंडे म्हणजेच त्यांची सुट्टी, असे आपण सोयीने धरून चाललेलो असतो. त्यांना आमच्यासाठी धपाटे करायला आवडते हे खरे; पण डब्यातले धपाटे टेकडीवर बसून खायलाही आवडते, हे आम्हांला एका तिसरीतल्या मुलीने शिकवले.

परवा अण्णांचा फोन आला. दिवाळीत राजूरच्या गणपतीला जायचे, तिथून भोकरदनला आणि पुढे अन्व्याचे जुने देऊळ पाहायचे. १८०३ साली शिंदे-भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली ते असईचे रानही थोरल्याला दाखवायचे, असा सारा बेत त्यांनी वहीत लिहून काढला आहे. मी म्हटले, "अहो, पण दिवाळीत घर?"

"कुलपाला तेल घालून ठेवलंय," अण्णा म्हणाले. "तुम्ही कधी येता ते सांगा."