काकण आणि आरसा

गणितातल्या पीएच.डी.साठी अर्ज करणाऱ्याकडे पुरावा मागितला जातो तो न केलेल्या कामाचा. भारतात त्याची सुरुवात लेखी परीक्षेने होते. सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा, तीन तासांची, २०० गुणांची. राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाची शिष्यवृत्ती परीक्षा वेगळी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची आणखी वेगळी. नेटच्या तिसऱ्या भागात एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि ते सगळे नेमके ओळखले तरच गुण मिळतात. अर्धवट समजलेली संकल्पना तिथे टिकत नाही, हे या परीक्षेचे मोठेपण. तरी त्यातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कुणाला तरी आधीच ठाऊक असते. संशोधनाच्या प्रश्नाचे उत्तर कुणालाच ठाऊक नसते आणि तो कधी कधी तीन वर्षांतही हलत नाही.

अमेरिकेतल्या विद्यापीठांचे अर्ज बहुधा डिसेंबरच्या सुमारास भरायचे असतात. गुणपत्रके, स्वतःच्या अभ्यासाविषयीचे निवेदन आणि साधारण तीन शिफारसपत्रे. निर्णयाच्या वेळी पत्रांचे वजन फार.

हातच्या काकणाला आरसा कशाला, असे मराठीत म्हणतात. त्या म्हणीत बरेच गृहीत धरलेले आहे: उजेड आहे, काकण बाहीखाली झाकलेले नाही आणि बघणाऱ्याला काकण म्हणजे काय हे माहीत आहे. गुणपत्रक असे उघड्यावरचे काकण आहे. पण न सुटणाऱ्या प्रश्नापाशी विद्यार्थी किती दिवस बसतो, स्वतःच्या सिद्धतेतली फट त्याला स्वतःला दिसते का, हे मनगटावर नसते. म्हणून शिक्षकाचा आरसा लागतो. आता अडचण आरशाची. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी मनापासून लिहिलेले पत्र आणि नामवंत गणितज्ञाने लिहिलेल्या तशाच चार ओळी, यांचे मोल समितीपुढे सारखे नसते. हा अन्याय आहे. पण ज्याने अनेक संशोधक घडताना पाहिले, त्याच्या तुलनेला खरेच अर्थ असतो, हेही नाकारता येत नाही. मद्रासच्या लोयोला कॉलेजात गणित शिकवायला फादर शार्ल रासीन होते, म्हणून त्यांचे विद्यार्थी नरसिंहन आणि शेषाद्री यांना टाटा संस्थेची वाट सापडली. १९५३ साली दोघे तिथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १९६५ साली दोघांच्या नावाचे प्रमेय प्रसिद्ध झाले.

रामानुजनपाशी असा आरसा जवळजवळ नव्हता. इतर विषयांत नापास झालेला, मद्रास पोर्ट ट्रस्टमधला हा कारकून १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहितो आणि सोबत प्रमेयांची पानेच्या पाने जोडतो. हात पुढे करून काकणच दाखवले. पण त्याआधी केंब्रिजच्याच बेकर आणि हॉब्सन यांच्याकडून त्याला काही साहाय्य मिळाले नव्हते, आणि ते दोघेही जाणते गणितज्ञ होते. हार्डींनीही ती पाने आपले सहकारी लिटलवुड यांच्यासोबत बसून तपासली. एवढ्या तयारीच्या माणसालाही दुसरी नजर हवी वाटली. मग उत्तरात त्यांनी सिद्धता मागितल्या. म्हणजे दिसल्यावरही पुरावा हवाच होता. इथे म्हण कोणाच्या बाजूने उभी राहते, ते ठरवता येत नाही.

लेखी परीक्षेनंतरची मुलाखत अशाच सिद्धता फळ्यावर मागते. उमेदवाराच्या आवडीच्या विषयापासून सुरुवात करून परीक्षक त्याला अडेपर्यंत पुढे नेतात. अडल्यावर तो काय करतो, हे त्यांना बघायचे असते. साऱ्या प्रक्रियेत संशोधनाच्या सर्वांत जवळचा भाग हाच. मात्र सावकाश विचार करणाऱ्याला, भाषेने बुजणाऱ्याला तो सर्वांत कठीण जातो, आणि सावकाशपणा हा गणितात दोष नाही.

प्रवेशानंतर अनेक संस्थांत आधी अभ्यासक्रम आणि पात्रता परीक्षा असते. मार्गदर्शक बहुधा त्यानंतर ठरतो. निवड समितीला जे ओळखायचे होते, ते ओळखण्याचे काम संस्था अशी वर्ष-दोन वर्षे पुढे ठेवते. ती काळजी म्हणायची, की अर्जातून ते कळत नाही याची कबुली? बहुधा दोन्ही, पण ज्याचा अर्ज परत आला त्याला ही दोन वर्षे मिळतच नाहीत.