भोकाच्या केकच्या गावाला

मिनिॲपोलिसला लोक तळी बघायला जातात, नाही तर मॉल ऑफ अमेरिकात पाय दुखेपर्यंत शॉपिंग करायला. मी गेले एका केकच्या भांड्यामागे! शहराला खेटूनच सेंट लुईस पार्क आहे. तिथे हायवेवरून एक उंच, गोल काँक्रीटचा मनोरा दिसतो. 1900 च्या सुमारास प्रयोग म्हणून बांधलेलं हे धान्याचं कोठार. त्यावर मोठ्ठं नाव, ‘नॉर्डिक वेअर’. मंडळी, हेच बंट केकचं माहेर.

बंट म्हणजे तोच, मधे भोक आणि अंगावर पन्हळी असलेला. 1950 मध्ये हदासा या ज्यू महिला संस्थेच्या इथल्या काही बायका कंपनीच्या डेव्हिड डॅलक्विस्टकडे गेल्या. युरोपातल्या गुगलहुफ केकसाठी लागणारं भांडं त्यांना अमेरिकेत मिळेना. डॅलक्विस्टने ते ॲल्युमिनिअममध्ये ओतून दिलं. पण खप यथातथाच. मग 1966 मध्ये पिल्सबरीच्या स्पर्धेत ह्यूस्टनच्या एला हेलफ्रिच यांचा चॉकलेट बंट दुसरा आला आणि सगळ्या अमेरिकेला ते भांडं हवं झालं. पहिला नंबर कुणाचा होता, हे आज फारसं कुणाला आठवतही नाही!

माझ्यासोबत होती माझी मावसबहीण, स्नेहलताई. सात वर्षं इथे आयटीत. तिची नोकरी गेली त्याला एक्केचाळीस दिवस झाले होते. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की हातात जेमतेम साठ दिवस. कारखान्याच्या दुकानात ती एकेक भांडं उचलून हातात तोलत होती. मला वाटलं, डिझाइन बघतेय.

‘‘दीड किलो तरी असेल ना गं? तेवीस किलोच्या बॅगेत बसेल?’’

मी म्हटलं, ‘‘ताई, आधी केक करू. बॅगेचं नंतर बघू.’’

घेतलं एकदाचं. येताना लिंबं आणि ब्लूबेरी. उत्तर मिनेसोटाच्या जंगलात ब्लूबेरी आपल्याकडच्या करवंदांसारखी रानात मिळते. इथल्या विद्यापीठाने तर कडाक्याच्या थंडीत टिकणारी बुटकी झुडपं तयार केलीयत.

आता फंडा ऐका. लिंबाची फक्त पिवळी साल किसायची (पांढरं आलं की कडू!) आणि ती साखरेत बोटांनी चोळायची. ओटाभर असा काही वास सुटतो की बस्स. मग लोणी, अंडी, मैदा, ताक. ब्लूबेरी चमचाभर मैद्यात घोळवून शेवटी घालायची, म्हणजे तळाला कमी बसते. मधलं भोक शोभेचं नाही. घट्ट पिठाच्या पोटापर्यंत उष्णता त्यातूनच पोचते. पन्हळीच्या प्रत्येक खाचेत लोणी आणि मैदा लावायलाच हवा, तिथे आळस नको. 175 डिग्रीवर साधारण तासभर. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबून उलटा करायचा. लवकर केलात तर तुटतो, उशिरा केलात तर चिकटतो.

ती दहा मिनिटं ताई घड्याळाकडे बघत बसली होती. साठ दिवस मोजणाऱ्या बाईला दहा मिनिटं काय जड? पण झाली. ‘‘पडला!’’ ती ओरडली. अख्खा, एकही पन्हळ न मोडता.

पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाचं दाटसर आयसिंग केक पूर्ण गार झाल्यावरच ओतायचं, नाही तर वितळून ताटलीत तळं होतं. पांढरे ओघळ खाचांतून खाली आले, मधेच ब्लूबेरीचा जांभळा डाग. एकदम झकास.

अर्धा केक शेजारच्या सोमाली काकूंकडे गेला. त्यांनी रिकामी ताटली परत न देता त्यात सांबुसे भरून पाठवले. ताईने दोन खाल्ले, लॅपटॉप उघडला आणि सोमवारच्या इंटरव्ह्यूची तयारी करायला बसली. भांडं धुऊन मी ओट्यावर पालथं घातलं. बॅगेत नाही.