क्युवेट कुठंय?

एम.एस्सी. केलं म्हणजे प्रकाशाचं शोषण आपल्याला कळतं, असा माझा समज होता. एक सेंटिमीटरची क्युवेट, तीत द्रावण, झाकण लावा, आकडा वाचा. त्याच भरवशावर कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसच्या, म्हणजे बारीक नळीत विजेच्या जोरावर रेणू वेगळे करणाऱ्या, यंत्रापुढे उभी राहिले आणि विचारलं, ‘‘क्युवेट कुठंय?’’

पीएच.डी. करणाऱ्या ताईनं दोऱ्याएवढी एक तपकिरी नळी दाखवली. ‘‘हीच.’’

नळी सिलिकाची, आतलं भोक ५० मायक्रॉनचं. तपकिरी रंग वरच्या पॉलिइमाइडच्या लेपाचा. लेपामुळे नळी वाकते, पण मोडत नाही. मात्र हाच लेप अतिनील प्रकाश अडवतो. म्हणून मोजायच्या जागी तो ज्योतीवर जाळायचा, काजळी मिथेनॉलनं पुसायची. झाली ‘खिडकी’. म्हणजे जिथून बघायचं, तिथंच नळी सगळ्यात नाजूक! ती यंत्रात बसवताना मी श्वास रोखून धरत असे.

खरा गोंधळ गणितानं घातला. शोषण प्रकाशाच्या द्रावणातल्या वाटेवर अवलंबून. एक सेंटिमीटरच्या जागी ५० मायक्रॉन, म्हणजे वाट २०० पटींनी आखूड. क्युवेटमध्ये १ दाखवणारं द्रावण इथं जेमतेम ०.००५ दाखवणार. त्यात भोक गोल, त्यामुळे कडेच्या किरणांना तेवढीही वाट मिळत नाही.

‘‘मग नळी जाड घेऊ या की!’’

‘‘टोकांना वीस-तीस हजार व्होल्ट लावतो आपण. जाड नळी आतून तापते. मध्ये गरम, कडेला थंड, आणि वेगळे झालेले पट्टे पुन्हा पसरतात.’’ १९८१मध्ये जॉर्गेन्सन आणि लुकाक्स यांनी ७५ मायक्रॉनच्या नळीत हे तंत्र करून दाखवलं, ते याच अरुंदपणाच्या जोरावर. पाठ्यपुस्तकात वेगळं करणं एका प्रकरणात आणि मोजणं दुसऱ्यात असतं; इथं दोन्ही एकाच नळीत एकमेकांच्या मुळावर उठलेली.

खिडकी लांब करूनही भागत नाही. एक मिलिमीटर खिडकीत साधारण दोन नॅनोलिटर द्रव मावतो. ती वाढवली की शेजारचे दोन पट्टे एकदमच तिच्यात शिरतात.

उपाय आहेत, आणि काही फार हुशारीचे. खिडकीपाशी नळी फुगवून भोक १५० मायक्रॉन केलं की वाट तिप्पट होते. तिथं द्रव मंदावतो, पट्टा आखडतो, म्हणून वेगळेपणाही फारसा बिघडत नाही. लेझरनं रेणू चमकवले तर काळोखात उजेड मोजायचा असतो. डीएनए वाचणारी कॅपिलरी यंत्रं त्यावरच चालतात.

मी चाट पडले ती टेफ्लॉन एएफच्या नळीपुढे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, सिलिकाचा १.४६, म्हणून सिलिकाच्या नळीत पाण्यातला प्रकाश भिंतीत निसटतो. टेफ्लॉन एएफचा सुमारे १.३, पाण्याहूनही कमी. त्यामुळे प्रकाश पाण्यातच कोंडला जातो आणि नळीच्या वेटोळ्यांबरोबर वळतो. वाट चक्क एक मीटर! समुद्राच्या पाण्यातलं नॅनोमोलर नायट्राइट असं मोजतात. फक्त एखादा बुडबुडा अडकला की आकडे नाचू लागतात.

‘‘हीच जोडू या आपल्या यंत्राला?’’

‘‘हिच्यात पाव मिलिलिटर मावतं. तुझा नमुना काही नॅनोलिटर. शोधणार कुठं?’’

‘‘मग नमुनाच आधी नळीत दाटीवाटीनं गोळा केला तर?’’

ताईनं अशा गोळा करण्यावरचा, म्हणजे ‘स्टॅकिंग’वरचा, एक जाडजूड लेख माझ्या हातात ठेवला आणि डबा घेऊन जेवायला गेली.