पाखरीच्या पोटातली गुडगुड

दोस्तांनो, तुम्ही कधी घोड्याच्या पोटाला कान लावून ऐकलंय? नाही ना? घोड्यावर बसला असाल, चौपाटीवर नाहीतर माथेरानला. दहा मिनिटांची रपेट, एक फोटो, की झालं! पोटाला कान लावायचं कुणाच्या मनातही येत नाही. मी लावलाय. एका रात्रीत निदान वीस-पंचवीस वेळा. त्याच रात्रीची गोष्ट तुम्हांला सांगायची आहे, पण आधी आमच्या घराची थोडी ओळख करून देते.

आमचं गाव केळवे. पश्चिम रेल्वेवर सफाळे आणि पालघर यांच्यामध्ये केळवे रोड स्टेशन लागतं. तिथून गाव बरंच आत, थेट समुद्राला भिडलेलं. किनाऱ्यावर सुरूची झाडं, त्यांच्यामागे नारळी-पोफळीच्या, केळीच्या, पानवेलीच्या वाड्या आणि त्यांच्याही पूर्वेला भातशेती. गोष्ट १९९७ सालची. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं (वेगळा जिल्हा झाला तो २०१४ साली), आणि डहाणूपर्यंत लोकल यायला अजून सोळा वर्षं होती. मी आठवीत होते.

आमच्याकडे वाडी होती, थोडं भात होतं आणि दोन घोडे होते. आजोबांनी तरुणपणी टांगा चालवलेला, त्यामुळे घोडा नसलेलं घर त्यांना घरच वाटायचं नाही. एकाचं नाव तुफान. पण चालायचा असा, की शेजारची कोंबडी त्याला मागे टाकून जाईल! दुसरी पाखरी. तांबडी, चारही पाय गुडघ्याखाली पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. अशा घोड्याला पंचकल्याणी म्हणतात. तिला बाबांनी सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलं होतं. तापीकाठी दत्तजयंतीला हा बाजार भरतो. तिथून ट्रकमधून आली ती, आणि समुद्र बघून दोन दिवस खाणंपिणं विसरली.

पावसाळाभर घोड्यांना सुट्टी. किनाऱ्यावर कुणी येत नाही, आणि तबेल्यातल्या ओलीने खूर मऊ पडतात. आश्विन उजाडला की मात्र धांदल. नालबंद येऊन वाढलेले खूर तासून नाल ठोकायचा. खूर म्हणजे घोड्याचं नखच, कापलं तरी दुखत नाही. पण मला लहानपणी ते बघवायचं नाही. बांधावरचं गवत पिवळं पडायच्या आत कापून, वाळवून, त्याची गंजी रचायची. ते चुकलं तर उन्हाळ्यात घोड्यांपुढे टाकणार काय? सकाळी शाळेत जायच्या आधी खरारा करायचं काम माझं. भिजवलेले हरभरे आणि कोंडा, म्हणजे त्यांची चंदी, ती आजोबा स्वतः मोजून द्यायचे. दुसऱ्या कुणाच्या हाताने नाहीच! दसऱ्याला दोघांच्या गळ्यात झेंडूच्या माळा पडायच्या. तुफान आपली माळ दरवर्षी खाऊन टाकायचा.

हो, एक गंमत सांगायची राहिली. या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र अश्विनी नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणून तो आश्विन. आणि अश्विनी म्हणजे घोडी. म्हणजे महिनाच मुळी आमच्या पाखरीचा!

तर कोजागिरी होऊन तीन-चार दिवस झाले होते. भातकापणी अर्धी झालेली. आदल्या दिवशी झोडलेल्या भाताची रास पडवीत गोणपाटांखाली होती, बाकीचे भारे अजून खळ्यावर. माझी सहामाही चालू होती आणि दुसऱ्या दिवशी भूगोल. चारच्या सुमाराला मी पाखरीला विहिरीवरून आणत होते. एवढ्यात पूर्वेकडे गडगडलं. आषाढातला पाऊस समुद्राकडून येतो, परतीचा येतो तो डोंगराकडून, आणि येतो तो ढोल वाजवतच. बाबा ओरडले, "अगं बाय, धाव! भारे भिजतील!" मी पाखरीचा दोर खुंट्याला दोन वेढे मारून तसाच टाकला आणि पळाले. गाठ मारायला किती वेळ लागतो? फार तर पाच सेकंद. तेवढेही मी दिले नाहीत.

तासभर पाऊस कोसळला. आम्ही सगळ्यांनी, शेजाऱ्यांनीसुद्धा, डोक्यावरून भारे आत आणले. बरेचसे वाचले. कापणीला दरवर्षी येणारे एक काका होते, त्यांना आम्ही सगळी मुलं मामा म्हणायचो. त्यांनी सहाला नेहमीप्रमाणे घोड्यांना पाणी दाखवलं. पाखरी जागेवरच होती. प्यायली मात्र नाही.

आठ वाजता आजीला पडवीतली गोणपाटं ओढलेली दिसली. रास तुडवलेली, आणि ओल्या जमिनीवर नालेचे ठसे! तबेल्यात जाऊन बघतो तर पाखरी पुढच्या पायाने जमीन उकरतेय, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघतेय, अंगाला दरदरून घाम. मग ती खाली बसली आणि लोळायला लागली.

आजोबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "पोटशूळ," एवढंच म्हणाले. तिला उठवून ते अंगणात हळूहळू फिरवू लागले. बाबा शेजारी फोन करायला धावले. मामा बातमी ऐकून परत आले, त्यांना आजोबांनी विचारलं, "पाणी दाखवल्यावर बांधलंस ना नीट?" मामा खुंट्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "राहिली असेल गाठ. घाईत होतो."

मी तिथेच उभी होते. हातात कंदील होता. बोलले नाही.

डॉक्टर पालघरहून मोटारसायकलवर आले, तेव्हा दहा वाजत आले होते. आभाळ निवळून चंद्र वर आलेला. त्यांनी पाखरीच्या जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजली. निरोगी घोड्याची मिनिटाला तीस-चाळीस असते; हिची सत्तरच्या वर! त्यांनी बॅगेतून लांबलचक रबरी नळी काढली आणि आजोबांना विचारलं, "काका, भात खाल्लं कधी?"

"सहानंतर. गाठ राहिली होती."

"म्हणजे साडेतीन-चार तास. मग पोट धुऊन बघू, काही निघालं तर निघालं." ते बाबांना समजावून सांगत होते की घोड्याला ओकता येत नाही. त्याच्या जठराचं तोंड आत उघडतं, बाहेर नाही. आपण वाईट खाल्लं तर उलटी होऊन मोकळे होतो, घोड्याने खाल्लेलं आतच राहतं, फुगतं, आंबतं. म्हणून वेळ कळली पाहिजे. दाणे अजून जठरात आहेत की पुढे आतड्यात गेलेत, त्यावर उपाय ठरतो.

तुम्हांला वाटेल, माझा चांगुलपणा जागा झाला. तसं काही नव्हतं हो! मला फक्त एवढं कळलं, की मी गप्प बसले तर ते चुकीचं औषध देतील.

"सहाला नाही, चारला," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की दोनदा सांगावं लागलं. "मामांनी नाही, मीच बांधलं नव्हतं. नुसते वेढे मारले होते. पाऊस यायच्या आधी."

कुणीच काही बोललं नाही. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "सहा तास. मग पोट धुण्यात अर्थ नाही." त्यांनी नळी नाकपुडीतून पोटात उतरवली आणि तिच्यातून पातळ पॅराफिन सोडलं, दाणे पुढे सरकावेत म्हणून. शिरेत दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं. मग माझ्याकडे वळले. "ये इकडे. इथे कान लाव, बरगड्यांच्या मागे. काय ऐकू येतं?"

"काहीच नाही."

"तेच वाईट. घोड्याच्या पोटात सतत गुडगुड हवी. दर वीस मिनिटांनी दोन्ही बाजूंनी ऐकायचं आणि सांगायचं."

रात्रभर आजोबा आणि मामा आळीपाळीने तिला फिरवत होते. थांबली की मी कान लावायचे. गरम, ओली कातडी, आणि आत शांतता. बाराला काही नाही. एकला काही नाही. दोन वाजून गेल्यावर अगदी लांबून, माठातलं पाणी हललं तर येतो तसा आवाज आला. मी ओरडलेच! पहाटे पाचच्या आधी पाखरीने शेपूट उचललं आणि लीद टाकली. हसू नका! त्या लिदीकडे आम्ही सगळे असे बघत होतो, जणू अंगणात सोनं पडलंय. आजोबा तर मटकन खालीच बसले.

तरी डॉक्टरांनी बजावलं, की धोका टळलेला नाही. जास्त धान्य पोटात गेलं की नंतर खुरांच्या आत दाह होतो आणि घोडा कायमचा अधू होऊ शकतो. म्हणून पुढचे तीन दिवस तिला थंड पाण्यात उभं करायचं आणि खूर गरम लागतात का ते बघायचं. समुद्र काय, आमच्या दारातच! सकाळ-संध्याकाळ मी तिच्याबरोबर गुडघाभर पाण्यात उभी. एरवी किनाऱ्यावर माणसं येतात ती दिवाळीच्या सुट्टीत. त्या वर्षी रपेटीला एकटा तुफान गेला. कमाई किती झाली असेल, तुम्हीच ओळखा. फटाके आले नाहीत. मी आणि धाकट्या भावाने ते मागितलेही नाहीत.

भूगोलाच्या पेपरात परतीच्या पावसावर टीप लिहायला होती. मी दीड पान लिहिलं.

आजोबा मला रागावले नाहीत. त्यांनी मामांना एवढंच म्हटलं, "मी न बघता बोललो." मामांनी नुसता हात हलवला. मला वाटलं, आता माझी पाळी. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते, तोच त्यांनी खुंट्यावरचा दोर माझ्या हातात दिला. त्यांची एक गाठ होती. घोड्याने ओढली की आवळायची, माणसाने टोक खेचलं की चटकन सुटायची. मी बांधली. मामांनी दोर ओढून बघितला, सोडवला आणि पुन्हा माझ्यापुढे धरला.

"परत," म्हणाले.