घास उतरेपर्यंत

अन्ननलिका म्हणजे सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. तिच्या खालच्या टोकाची झडप घास आला की सैल पडते. 'अकॅलेशिया'त ती सैल पडत नाही आणि तांदळाच्या भाकरीचा घास छातीतच बसून राहतो. मग पानावरून उठायचे, उभ्याने पाण्याचे घोट घ्यायचे, खांदे मागे ओढायचे. वर्षानुवर्षे जेवण असेच होते. घरचे त्याला नखरे म्हणतात.

थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७४ मध्ये अशा एका रुग्णाची नोंद केली. देवमाशाच्या हाडाच्या काठीला स्पंज लावून तो गृहस्थ अन्न खाली ढकलत असे आणि त्यावर पंधरा वर्षे जगला. आता तोंडातून दुर्बीण घालतात. जपानच्या हारुहिरो इनोए यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या 'पोएम' पद्धतीत अस्तराखालून बोगदा करून झडपेचा स्नायू कापतात आणि बोगद्याचे तोंड क्लिपांनी मिटवतात. क्लिपा पुढे आपोआप गळून शौचावाटे जातात.

बाहेर टाका नाही, पट्टी नाही. कोकणात, मुरुडला घरी परतल्यावर पंचाईत होते ती यामुळेच. भेटायला येणाऱ्याला रुग्ण ठणठणीत दिसतो. डब्यातून तळलेले बोंबील येतात. सोबत "एवढंसं खा, काही होत नाही" हेही येते. होते. आतली जखम ओली असते. आधी पातळ, मग साधारण दोन आठवडे मऊ, हाच क्रम. रुग्णालयाच्या छापील कागदावर दुधात भिजवलेला पाव असतो, पेजेचे नाव नसते. लिहिणाऱ्याने कोकणातला आजारी माणूस पाहिलेला नसावा. कोमट, मीठ घातलेली पेज, शहाळ्याचे पाणी, नंतर गुरगुट्या भात आणि वरण, एवढ्यावर दिवस निघतात. बोंबील पुढे, तोही काटा काढून, उकडून. सोलकढी आणि मिरची लांबच.

झडप सैल झाल्याने आम्ल वर येते. म्हणून पित्ताची गोळी उपाशीपोटी, रात्रीचे जेवण लवकर, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. नारळाचे पोते काही आठवडे उचलायचे नाही. घास सुरळीत उतरू लागला तरी पानावरून उठायची सवय मात्र लगेच सुटत नाही.

छातीत वाढती कळ, ताप, धाप, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा मानेची कातडी फुगून दाबल्यावर करकरणे, यांपैकी काहीही झाले तर उजाडायची वाट पाहू नये. अलिबागचे जिल्हा रुग्णालय मुरुडहून साळावच्या पुलापलीकडे, जवळपास ५० किलोमीटरवर आहे.