प्ल्योनहून बाबांना

प्ल्योन, २७ मे

ती. बाबांना, सा. न.

कील-ल्यूबेक गाडी प्ल्योनला अगदी तळ्याच्या काठाशी सोडते. टेकडीवर पांढरा राजवाडा, खाली पाणी, रात्री दहालाही आभाळात उजेड. एवढं आईला वाचून दाखवा, पुढचं तुमच्यासाठी. जन्मभर जलशुद्धीकरण केंद्रात काढलेला माणूस घरात असताना हे दुसऱ्या कुणाला लिहू?

वसंतात इथली तळी शैवालाने गढूळ होतात आणि मेअखेर, कुणी तुरटी फिरवावी तशी, काही दिवसांत निवळतात. काम डॅफ्नियाचं. दोनेक मिलिमीटरचा हा जीव पायांवरच्या बारीक केसांच्या जाळीत शैवाल अडकवून खातो. श्योझे या शेजारच्या तळ्यावर विनफ्रीड लाम्पर्ट आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात याचा कसून हिशेब मांडला.

पण खाणं मोजायचं कसं? घास दिसत नाही, ताट दिसत नाही. म्हणून ही मंडळी घासाऐवजी पाणी मोजतात: एका जीवाने दिवसात किती मिलिलिटर पाण्यातलं शैवाल संपवलं. मोठी डॅफ्निया उबदार पाण्यात वीस-तीस मिलिलिटर साफ करते. तुमच्याकडे निदान मीटर तरी होता!

सोपी रीत बाटल्यांची. तळ्याचंच पाणी दोन बाटल्यांत भरायचं, एकीत डॅफ्निया सोडायच्या, दोन्ही तळ्यात टांगायच्या आणि नंतर शैवालाच्या पेशी मोजायच्या. माझा या रीतीवर फारसा विश्वास बसला नाही. डॅफ्नियाच्या उत्सर्जनातून शैवालाला खत मिळतं, त्यामुळे त्या बाटलीत शैवाल जोमाने वाढतं आणि खाणं आहे त्यापेक्षा कमी दिसतं.

उद्या दुसरी रीत, पेटीची, बघायची आहे. आईला सांगा, खाण्यापिण्याचे हाल नाहीत. पाव मात्र दगडासारखा.

तुमची,
सुमा

प्ल्योन, ३० मे

ती. बाबांना, सा. न.

पेटी पाहिली. जेम्स हेनी या अमेरिकी शास्त्रज्ञाने ही रीत १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. पारदर्शक पेटी उघडी ठेवून हव्या त्या खोलीवर सोडतात. दोरीवरून वजन सोडलं की झाकणं मिटतात, आत जे जीव असतील ते तिथेच अडकतात आणि त्याच क्षणी किरणोत्सर्गी खूण केलेलं थोडं यीस्ट आत सुटतं. त्यांना ते शैवालासारखंच. काही मिनिटांत पेटी वर. घाई एवढ्यासाठी की खाल्लेलं बाहेर पडायला लागलं की हिशेब फसतो.

मग जीव गाळून लगेच सोडावॉटरमध्ये टाकतात. गुंगी येते, पोटातलं बाहेर येत नाही. नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये साखर घालतात, नाहीतर डॅफ्निया फुगते आणि पाठीवरची अंडी सांडतात. ही युक्तीही हेनी आणि त्यांचे सहकारी हॉल यांचीच, १९७३ची. मला तर सगळ्या यंत्रांपेक्षा हीच आवडली.

हिशेब तुमच्या वहीतला आहे: एका जीवातली खूण, भागिले एका मिलिलिटर पाण्यातली खूण, भागिले मिनिटं. आता खूण म्हणून चमकणारे प्लास्टिकचे मणीही वापरतात. कॅरोलिन बर्न्स यांनी १९६८ मध्ये बारीक प्लास्टिकच्या मण्यांवरूनच दाखवलं की जीव जेवढा मोठा, तेवढा मोठा कण गिळतो.

दुपारी पृष्ठभागावर मोजून भागत नाही. माशांच्या भीतीने मोठ्या डॅफ्निया दिवसा खोल जातात आणि काळोखात वर येतात. म्हणून काल रात्री नावेत बसले. स्वेटर कामी आला.

तुम्ही विचारालच, तळं किती दिवसांत गाळून होईल? लिटरला वीस डॅफ्निया आणि प्रत्येकीचे पंचवीस मिलिलिटर धरा: दिवसाला अर्धा लिटर. दोन दिवसांत सगळं साफ, असं वाटतं ना? नाही. गाळलेलं पाणी न गाळलेल्यातच मिसळतं, तेच पुन्हा पायांखाली येतं. त्यामुळे पहिल्या दिवशी निम्मं नाही, चाळीसेक टक्केच शैवाल जातं. शिवाय उरलेलं वाढत राहतं. ते रोज दुप्पट होत असेल तर या डॅफ्निया हरणारच. तुमच्या टाकीत निदान गाळलेलं पाणी वेगळं राहायचं. लिटरला किती डॅफ्निया असल्या म्हणजे बरोबरी होईल, ते तुम्ही काढा. माझं उत्तर अठ्ठावीस आलंय.

तुमची,
सुमा