सशाचे कान

कोणी जुनी नाणी जमवितो, कोणी तिकिटे. मी गेली दोन वर्षे भंगारवाल्यांच्या दुकानांतून टीव्हीचे जुने अँटेने शोधीत हिंडतो. तेही गच्चीवरचे नव्हेत. टीव्हीच्या डोक्यावर सशाच्या कानांसारखे बसणारे, एकात एक सरकणाऱ्या दोन चकचकीत दांड्यांचे! वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. जेथे विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला, तेथे मराठीच्या प्राध्यापकाने असल्या दांड्या शोधाव्यात, याचे आमच्या इतिहास विभागाला भारी हसू येते.

परंतु या कानांचे माहात्म्य वऱ्हाडातल्या माणसालाच कळावे. 1972 साली मुंबई केंद्र सुरू झाले आणि मुंबईकर बसल्या जागी दांडी वळवून चित्र पाहू लागला. या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात. त्यामुळे केंद्रापासून दूरच्या आमच्या गावाला उंच बांबूवाचून गत्यंतर नव्हते. बांबूवर माशाच्या काट्यासारखा अँटेना, त्यावर कावळा आणि खाली बाबा!

1987 च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले. दर रविवारी बाबा गच्चीवर, मी जिन्यात आणि शेजारपाजारासह सारे घर टीव्हीपुढे.

‘‘दिसते का रे?’’

‘‘नाही, मुंग्याच आहेत!’’

‘‘आता?’’

‘‘आले, आले! बाबा, हात सोडू नका!’’

मालिका दीड वर्ष चालली. आम्ही ती पाहिली, बाबांनी ऐकली. पुढे मुंबईला मावशीकडे ते कान पाहून ते एवढेच म्हणाले, ‘‘येथे फिरवणाऱ्यालाही चित्र दिसते की!’’

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. यंदा दसऱ्याच्या सुमारास एका दुरुस्तीवाल्याच्या माळ्यावर कान सापडले. जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण 2022 पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले; तेव्हा त्यात काही येणार नाही, हे ठाऊक होतेच. बाबांनी ते धोतराच्या सोग्याने पुसले, दांड्या ओढून पाहिल्या आणि विचारले, ‘‘हा तेव्हा आणला असता, तर आपल्याकडे चालला असता का?’’

‘‘नाही बाबा. इतक्या दूर मुंग्याच दिसल्या असत्या.’’

‘‘म्हणजे गच्चीवर कोणीतरी उभे राहायलाच हवे होते,’’ ते समाधानाने म्हणाले आणि चहा मागू लागले.